तप्त गुरूंची अधिक्रमणे

मोताळा तालुक्यातले रोहिणखेड इतिहासाच्या अभ्यासकांना १४३७ च्या लढाईमुळे ठाऊक आहे. त्याच्या बुलढाणा जिल्ह्याचे नाव निघाले की आकाशाच्या अभ्यासकांना लोणारचे विवर आठवते. पण रोहिणखेडच्या आकाशाचेही एक वैशिष्ट्य आहे, आणि ते फारसे कोणी बोलून दाखवत नाही. गावाचा अक्षांश साडेवीस अंशांहून जरासा जास्त. दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या तापलेल्या महाकाय ग्रहांचे शास्त्र ज्या तीन ताऱ्यांवर उभे राहिले, ते तिन्ही तारे या गावाच्या जवळजवळ माथ्यावरून जातात.

पहिला एचडी १८९७३३. जंबुक नावाच्या फिकट तारकासमूहात डंबेल तेजोमेघ आहे, त्याच्या पूर्वेला चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीइतक्या अंतरावर हा तारा सापडतो. रोहिणखेडच्या खमध्यापासून तो दोन अंश उत्तरेकडून जातो. त्यानंतर दोन तासांनी एचडी २०९४५८ येतो, भाद्रपदांच्या चौकोनाच्या पश्चिमेला, खमध्याच्या दोन अंश दक्षिणेकडून. हे दोन्ही सातव्या-आठव्या प्रतीचे, म्हणजे साध्या बायनॉक्युलरमधून दिसणारे. त्याच्या मागोमाग तासाभराने ५१ पेगासी अगदी डोक्यावर येतो. हा साडेपाचव्या प्रतीचा. गावाबाहेर अंधारात उभे राहिले तर नुसत्या डोळ्यांनी दिसावा. दिवाळीच्या अमावस्येला रात्री सात ते साडेनऊच्या दरम्यान यातले शेवटचे दोन माथ्यावर असतात.

हे तारे मध्यरात्री माथ्यावर येतात ते मात्र जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये. म्हणजे निरीक्षणासाठी सगळ्यात लांब संधी मिळावी असे जे महिने, नेमके त्याच महिन्यांत विदर्भावर ढग असतात. पुण्याचीही तीच गत. जगातल्या इतर वेधशाळांना पाऊस इतका नडत नसला तरी दिवस नडतो, हवेचा थरथराट नडतो, वाफ नडते. या ग्रहांचा अभ्यास अवकाशात का गेला याचे निम्मे उत्तर यात आहे. उरलेले निम्मे मोजमापाच्या बारकाव्यात आहे, आणि ते समजून घ्यायला अधिक्रमण म्हणजे काय हे आधी पाहावे लागते.

८ जून २००४ आणि ६ जून २०१२ या दिवशी शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना महाराष्ट्रात अनेकांनी पाहिला, तेच अधिक्रमण. शुक्राने तेव्हा सूर्याचा जेमतेम हजारावा भाग झाकला होता. दूरच्या ताऱ्याचे बिंब दिसत नाही, तो कितीही मोठ्या दुर्बिणीतून ठिपकाच राहतो. पण ग्रह त्याच्यासमोरून गेला तर त्याचा प्रकाश तेवढ्यापुरता घटतो. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गुरूएवढा ग्रह गेला तर घट साधारण एक टक्का. पृथ्वीएवढा गेला तर एक टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. घट किती यावरून ग्रहाचा आकार कळतो. दोन घटींमधल्या अंतरावरून त्याचे वर्ष कळते.

आता आपला गुरू सूर्याभोवती फिरायला बारा वर्षे घेतो, आणि दूरच्या कुणा निरीक्षकाच्या दृष्टिरेषेत तो सूर्यासमोरून जाण्याची शक्यता हजारात एक. त्याच आकाराचा ग्रह ताऱ्याला चिकटून तीन-चार दिवसांत फेरी मारत असेल तर ही शक्यता दहात एकपर्यंत जाते, आणि वर्षात शंभर अधिक्रमणे पाहायला मिळतात. असे तप्त गुरू सूर्यासारख्या दोनशे ताऱ्यांत एखाद्याभोवतीच असावेत. जात दुर्मीळ आहे, पण दिसायला सर्वांत सोपी. म्हणून सौरमालेबाहेरच्या ग्रहांविषयी जे आपण खात्रीने जाणतो, त्यातले बरेचसे या विचित्र ग्रहांकडून आले आहे. हे ध्यानात ठेवूनच पुढचे सगळे वाचायचे: तप्त गुरू ग्रहांचे सरासरी प्रतिनिधी नाहीत, ते आपल्या साधनांना झेपणारे ग्रह आहेत.

ऑटो स्ट्रुव्ह या ज्योतिर्विदाने १९५२ मध्येच एका छोट्या लेखात लिहून ठेवले होते की गुरूएवढा ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळ एका दिवसाच्या फेरीत असू शकेल आणि त्याची ग्रहणे प्रकाशमापनात पकडता येतील. चाळीस वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९९५ च्या ऑक्टोबरात मिशेल मेयर आणि दिदिये केलो यांनी ५१ पेगासीभोवतीचा ग्रह जाहीर केला, वर्ष सव्वाचार दिवसांचे. त्यासाठी त्यांना २०१९ चे नोबेल मिळाले. हा ग्रह सापडला ताऱ्याच्या डोलण्यावरून: ग्रह ताऱ्याला पुढे-मागे ओढतो, त्यामुळे वर्णपटातल्या रेषा किंचित सरकतात. पण ५१ पेगासीचा ग्रह आपल्या दृष्टिरेषेत ताऱ्यासमोरून जात नाही. त्यामुळे तप्त गुरूंतला पहिला असूनही त्याचा आकार मोजता आलेला नाही.

तो मान एचडी २०९४५८ च्या ग्रहाला मिळाला. ९ आणि १६ सप्टेंबर १९९९ च्या रात्री डेव्हिड शार्बोनो या विद्यार्थ्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अवघ्या दहा सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून दीड टक्क्याची घट टिपली. नोव्हेंबरात ग्रेग हेन्री यांच्या गटानेही ती स्वतंत्रपणे पाहिली. ग्रहाचे वजन गुरूच्या सत्तर टक्के, व्यास गुरूच्या जवळजवळ एक पूर्णांक चारपट. घनता पाण्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. म्हणजे तो वायूचा आहे हे त्याच दिवशी सिद्ध झाले आणि तो फुगलेला आहे हेही. मग युरोपच्या हिप्पार्कस उपग्रहाच्या १९९० ते १९९३ दरम्यानच्या जुन्या नोंदी उपसल्या गेल्या, तर त्यातही याच अधिक्रमणांच्या खुणा निघाल्या. अवकाशातून तप्त गुरूचे अधिक्रमण पहिल्यांदा टिपले गेले तेव्हा ते टिपले गेले आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

हबल या अवकाश दुर्बिणीने या ग्रहाचा २००० मध्ये घेतलेला वेध आजही पाहण्यासारखा आहे. हबल पृथ्वीभोवती साधारण दीड तासात फिरते आणि प्रत्येक फेरीचा मोठा भाग पृथ्वी आड येते, त्यामुळे आलेखात मोकळ्या जागा आहेत. पण जिथे बिंदू आहेत तिथे ते दहा हजारांत एक इतक्या अचूकतेने रेषेवर बसलेले. जमिनीवरच्या आलेखात जी घट खरबरीत खळग्यासारखी दिसत होती, ती इथे गोलसर तळाची दिसली. तारा मध्यभागी जास्त उजळ आणि कडेला मंद असतो, म्हणून तळ सपाट न राहता वाटीसारखा येतो. या अचूकतेमुळे पुढचा प्रश्न विचारता आला: वेगवेगळ्या रंगांत पाहिले तर घट तेवढीच भरते का?

भरत नाही. ग्रहाच्या कडेला हवेची कडी असते आणि ताऱ्याचा थोडा प्रकाश तिच्यातून गाळून आपल्याकडे येतो. हवेत सोडियम असेल तर सोडियमच्या पिवळ्या रंगात कडी अपारदर्शक होते, ग्रह किंचित मोठा भासतो, घट किंचित वाढते. हबलच्या नोंदींत ही वाढ एक टक्क्याच्या पन्नासाव्या भागाइतकी होती, आणि २००२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सौरमालेबाहेरच्या ग्रहाच्या हवेतला तो पहिला ओळखलेला घटक. पुढच्या वर्षी अल्फ्रेड विदाल-माजार यांच्या गटाने अतिनील प्रकाशात याच ग्रहाची घट पंधरा टक्क्यांच्या घरात असल्याचे दाखवले. एवढा मोठा ग्रह असूच शकत नाही. ग्रहातून निसटणाऱ्या हायड्रोजनचा ढगच ताऱ्यासमोरून जात होता. अतिनीलातला हा प्रकाश आपल्या वातावरणात शोषला जातो, त्यामुळे जमिनीवरून हे कधीच दिसले नसते.

तप्त गुरू यासाठी का सोयीचे, हे हवेच्या जाडीवरून कळते. पृथ्वीवर आठ-साडेआठ किलोमीटर वर गेले की हवेचा दाब तिसऱ्या हिश्शावर येतो. हलक्या हायड्रोजनच्या, हजार अंशांहून जास्त तापलेल्या आणि कमी गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहावर तेवढ्याच उतारासाठी शेकडो किलोमीटर चढावे लागते. कडी जितकी जाड तितका तिच्यातून गाळून येणारा प्रकाश जास्त.

अधिक्रमणाची दुसरी बाजू म्हणजे पिधान. ग्रह ताऱ्यामागे दडतो तेव्हा त्याचा स्वतःचा प्रकाश तेवढा वेळ वजा होतो. २००५ मध्ये स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीने दोन ग्रहांबाबत ही वजाबाकी करून दाखवली आणि त्यांचे तापमान मोजता आले. २००७ मध्ये हेदर नटसन यांच्या गटाने एचडी १८९७३३ च्या ग्रहाकडे सलग तेहतीस तास पाहून त्याचा ओबडधोबड नकाशा तयार केला. हे ग्रह आपली एकच बाजू ताऱ्याकडे ठेवून फिरतात. तिथे दिवस संपत नाही आणि पलीकडे रात्र संपत नाही. सगळ्यात तप्त जागा ताऱ्याखाली नेमकी मध्यावर असायला हवी. नकाशात ती पूर्वेला सरकलेली होती, कारण पूर्वेकडे वाहणारे प्रचंड वारे उष्णता ढकलत होते. सिद्धान्ताने असे वारे आधी सांगितले होते, आणि ते दिसले. पण २०१८ मध्ये कोरो-२बी या ग्रहावर तप्त जागा पश्चिमेला निघाली. त्याचे सर्वमान्य कारण अजून सापडलेले नाही. मला स्वतःला या क्षेत्रातले हे सर्वांत सुंदर कोडे वाटते.

अधिक्रमणांसाठी बांधलेल्या यानांची कहाणी थोडक्यात सांगता येईल. फ्रान्सच्या पुढाकाराने डिसेंबर २००६ मध्ये गेलेले कोरो पहिले. मार्च २००९ मध्ये नासाचे केपलर गेले. हंस आणि स्वरमंडळ यांच्यामधल्या आकाशाच्या एकाच तुकड्यातल्या दीड लाखांवर ताऱ्यांकडे ते चार वर्षे टक लावून बसले. एप्रिल २०१८ मध्ये टेस गेले. ते आकाशाची एकेक पट्टी सत्तावीस दिवस पाहते आणि पुढे सरकते. टेसच्या वाट्याला केपलरपेक्षा जवळचे, तेजस्वी तारे येतात, म्हणून पुढचा अभ्यास शक्य होतो. डिसेंबर २०१९ मध्ये गेलेले युरोपचे केऑप्स नवे ग्रह शोधत नाही, माहीत असलेल्यांचे माप अचूक करते. वास्प-१०३बी हा ग्रह ताऱ्याच्या ओढीने गोल न राहता लांबट झाला आहे हे केऑप्सच्या अधिक्रमणांवरून २०२२ मध्ये कळले. बावीस तासांचे वर्ष असलेल्या ग्रहाच्या घटीच्या उतारातल्या इतक्या सूक्ष्म फरकावरून त्याचा लांबटपणा ओळखणे, हे या पद्धतीचे सामर्थ्य.

२०२१ च्या नाताळात सुटलेल्या जेम्स वेबने सगळी मोजपट्टीच बदलली. ही दुर्बीण पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर असते, त्यामुळे हबलसारख्या मोकळ्या जागा तिच्या आलेखात नाहीत. तिने पाहिलेल्या सुरुवातीच्या ग्रहांपैकी वास्प-३९बी कन्या राशीत, सुमारे ७०० प्रकाशवर्षांवर. म्हणजे रोहिणखेडची ती लढाई व्हायच्या शतकभर आधी निघालेला प्रकाश. वजन शनीएवढे, आकार गुरूहून मोठा, तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच्या हवेत कार्बन डायऑक्साइड जाहीर झाला. अवरक्तात ४.३ मायक्रॉनपाशी आलेखाने जो उंचवटा घेतला, तो पाहायला संख्याशास्त्र लागत नव्हते. साध्या डोळ्याला दिसत होता. त्याच वर्षी सल्फर डायऑक्साइड सापडला. तो अशा हवेत आपोआप तयार होत नाही. ताऱ्याचा प्रकाश पाण्याचे रेणू फोडतो, त्यातून निघालेले तुकडे गंधकयुक्त वायूचे ऑक्सिडीकरण घडवतात आणि मग तो बनतो. सूर्यप्रकाश आपल्याकडे ओझोन घडवतो, त्याच जातीचे रसायनशास्त्र दुसऱ्या ताऱ्याच्या ग्रहावर पहिल्यांदा दिसले.

त्यानंतर वास्प-१७बीच्या ढगांत वाळूतल्या स्फटिकासारखे सिलिकाचे कण मिळाले. वास्प-४३बीवर दिवसाच्या बाजूला सुमारे १२५० अंश आणि रात्रीच्या बाजूला ६०० अंश मोजले गेले. रात्रीच्या बाजूला अपेक्षित मिथेन मात्र दिसला नाही, कारण वारे हवा इतक्या वेगाने फिरवतात की रसायनांना स्थिरावायला वेळच मिळत नाही. वास्प-३९बीची सकाळची कड आणि संध्याकाळची कड वेगळी काढून संध्याकाळ सुमारे दोनशे अंशांनी जास्त गरम असल्याचेही २०२४ मध्ये दाखवले गेले.

इथपर्यंत वाचून हे शास्त्र एकामागून एक विजय मिळवत आले असे वाटेल. तसे नाही, आणि आढाव्यात ही बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००८ मध्ये हबलच्या नोंदींवरून एचडी १८९७३३ च्या ग्रहावर मिथेन सांगितला गेला. २०११ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवले की उपकरणाच्या चुका काढण्याची पद्धत बदलली की तो निष्कर्षही बदलतो. एचडी २०९४५८ च्या ग्रहावर वरची हवा खालच्या हवेपेक्षा गरम आहे, हा स्पिट्झरवरून निघालेला निष्कर्ष कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकासारखा मानला गेला. २०१४ मध्ये त्याच नोंदी नव्याने तपासल्यावर तो उभा राहिला नाही. वास्प-१२बी कार्बनने समृद्ध असल्याचा दावाही वादात सापडला. दर वेळी कारण एकच होते: मोजायची गोष्ट दहा हजारांत एक-दोन भाग, आणि ज्या उपकरणाने मोजायची ते अशा कामासाठी बांधलेलेच नव्हते.

वेबने उपकरणाचा प्रश्न पुष्कळ सोडवला, पण ताऱ्याचा प्रश्न तसाच आहे. ताऱ्यावर डाग असतात. ग्रह डागविरहित भागासमोरून गेला तर घट जास्त भरते, डागावरून गेला तर कमी. डाग थंड असल्याने त्यात पाण्याची वाफसुद्धा असू शकते, आणि मग ग्रहाची म्हणून सांगितलेली वाफ ताऱ्याचीच निघते. एचडी १८९७३३ हा असाच डागाळलेला तारा. त्याच्या ग्रहाच्या हवेत धुके आहे हे हबलने दाखवले आहे, पण निळ्या टोकाची सगळी वाढ धुक्यामुळेच की काही डागांमुळे, यावर वाद झाला आहे.

दोन मोठे प्रश्न अजून पुरते सुटलेले नाहीत. पहिला फुगण्याचा. हजार केल्व्हिनहून जास्त तापलेले महाकाय ग्रह अपेक्षेपेक्षा मोठे निघतात, आणि जितकी उष्णता जास्त तितका फुगवटा जास्त. वरवर तापवून ग्रह फुगत नाही. उष्णता खोलवर पोचायला हवी. ती कशी पोचते? आयनीभूत वारे चुंबकीय क्षेत्रातून वाहताना निर्माण होणारे विद्युतप्रवाह आत झिरपतात, असे एक मत आहे. वारेच उष्णता खाली ढकलतात, असे दुसरे. मला पहिल्या मताकडे पुरावा थोडा जास्त झुकलेला दिसतो, पण ते पक्के करायला या ग्रहांचे चुंबकीय क्षेत्र मोजावे लागेल, आणि ते अजून कोणी थेट मोजलेले नाही.

दुसरा प्रश्न, हे ग्रह तिथे पोचले कसे. ताऱ्याच्या इतक्या जवळ एवढा वायू गोळा होणे कठीण, म्हणून ते दूर जन्मून आत आले असे बहुतेक मानतात. एक मार्ग शांत: ताऱ्याभोवतीच्या वायूच्या तबकडीतून हळूहळू आत सरकणे. दुसरा हिंसक: दुसऱ्या ग्रहाच्या किंवा ताऱ्याच्या ओढीने कक्षा लांबट होणे, आणि मग ताऱ्याजवळून जाता-जाता भरतीच्या बलांनी ती आवळत गोल होणे. हिंसक मार्गाने आलेला ग्रह एकटा असायला हवा, आणि बहुतेक तप्त गुरू एकटेच आहेत. पण २०१५ मध्ये केपलरच्या दुसऱ्या मोहिमेत वास्प-४७ या ताऱ्याच्या तप्त गुरूला आतल्या बाजूला एक आणि बाहेरच्या बाजूला एक असे दोन छोटे शेजारी सापडले. अशा घरात हिंसा झालेली नसणार. दोन्ही मार्ग खरे आहेत, प्रश्न प्रमाणाचा आहे, हे माझे मत. प्रमाण ठरवायला शेकडो ग्रहांचे वजन आणि कक्षेचा लांबटपणा लागतो. आणि अधिक्रमणातून वजन कळत नाही.

इथे भारताचे काम सुरू होते. अवकाशातून आकार कळतो, वजन बहुधा जमिनीवरूनच आणावे लागते, ताऱ्याचे डोलणे मोजून. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचा अभिजित चक्रवर्ती यांचा गट अबूच्या गुरुशिखरावर पारस या वर्णपटमापकाने हे काम करतो. टेसने घट टिपलेल्या एका ताऱ्यावर या गटाने काम केले आणि २०२१ मध्ये टीओआय-१७८९बी जाहीर केला: वजन गुरूच्या सत्तर टक्के, व्यास गुरूच्या एक पूर्णांक चारपटीहून जास्त, वर्ष तीन दिवसांहून थोडे मोठे. तारा म्हातारपणाकडे झुकू लागलेला, म्हणजे पूर्वीपेक्षा जास्त तापवणारा. फुगवट्याच्या प्रश्नाला असे ग्रह फार मोलाचे असतात.

२०२३ मध्ये आकांक्षा खंडेलवाल यांच्या नेतृत्वाखालच्या शोधनिबंधात याच गटाने टीओआय-४६०३बी सांगितला, आणि तो अगदी उलट टोकाचा. आकार गुरूएवढाच, वजन जवळजवळ तेरा गुरूंचे. घनता चौदा ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, शिशाहूनही जास्त. तेरा गुरूंच्या वजनापाशी ग्रह संपतो आणि तपकिरी बटू तारा सुरू होतो अशी रूढ सीमा आहे. हा ग्रह नेमका त्या सीमेवर उभा आहे. शिवाय सव्वासात दिवसांची त्याची कक्षा अजून लांबट आहे, म्हणजे आवळून गोल होण्याची प्रक्रिया बहुधा चालू आहे. हिंसक मार्गाचा हा जिवंत पुरावा. टेसच्या नुसत्या आलेखावरून हा ग्रह आणि एखादा साधा तप्त गुरू यांतला फरक कळला नसता. दोघांची घट सारखीच भासते.

महाराष्ट्राचा वाटा चुंबकीय क्षेत्राच्या प्रश्नात आहे. नारायणगावजवळच्या खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी आहे. आपला गुरू चुंबकीय क्षेत्रामुळे रेडिओलहरी सोडतो, तर तप्त गुरू, ताऱ्याच्या वाऱ्यात न्हाऊन निघालेले, जास्तच सोडत असावेत. अलां लकाव्हलिये दे एतां, सिरोठिया, गोपाल कृष्ण आणि फिलिप झार्का यांनी खोडदहून एचडी १८९७३३ आणि एचडी २०९४५८ यांचे वेध घेतले; निकाल २००९ आणि २०११ मध्ये आले. त्यांची युक्ती पिधानाचीच होती: ग्रह ताऱ्यामागे गेला की रेडिओ संकेत थांबायला हवा. संकेतच आला नाही. एचएटी-पी-११बी या लहान ग्रहाच्या बाबतीत मात्र २००९ च्या निरीक्षणात १५० मेगाहर्ट्झपाशी एक संकेत दिसला, आणि ग्रह मागे गेल्यावर तो नाहीसा झाला. २०१० मध्ये पुन्हा पाहिले तर काहीच नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने पुढे वास्प-६९बीसारख्या ग्रहांवर हा शोध चालू ठेवला आहे. संकेत न सापडणे हेही मोजमाप आहे. त्यावरून कमाल मर्यादा ठरते. या कामाला आपल्याकडे वर्तमानपत्रांत जितकी जागा मिळायला हवी तितकी मिळत नाही, कारण बातमीला सापडलेले हवे असते.

नावाच्या रूपाने एक तप्त गुरू आपल्या वाट्याला आला आहे. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने भारताला एचडी ८६०८१ हा तारा आणि त्याचा ग्रह नामकरणासाठी दिला. ताऱ्याला बिभा हे नाव मिळाले, मुंबईच्या टाटा संस्थेत काम केलेल्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांचे. ग्रहाचे संतमस हे नाव पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने सुचवले होते. वर्ष जेमतेम दोन दिवसांचे. हा ग्रह ताऱ्याच्या डोलण्यावरून सापडला आहे.

पुढची मोठी मोहीम युरोपची एरियल. साधारण एक मीटरच्या आरशाची ही दुर्बीण सुमारे हजार ग्रहांच्या हवेचे वर्णपट घेणार आहे, आणि त्यात तप्त वायुग्रह मोठ्या संख्येने आहेत. एकेका ग्रहाचे चरित्र लिहिणे संपून त्यांची जनगणना सुरू होईल, आणि फुगवट्याचे व प्रवासाचे प्रश्न तिथे सुटण्याची खरी आशा आहे. मात्र त्यासाठी हजारही ग्रहांच्या अधिक्रमणाची वेळ आधी नेमकी ठाऊक हवी. साडेतीन दिवसांच्या वर्षात एका सेकंदाची चूक असेल तर ग्रह पृथ्वीच्या एका वर्षात शंभरावर फेऱ्या मारतो, म्हणून वर्षाअखेर चूक पावणेदोन मिनिटांची होते आणि दहा वर्षांत सतरा मिनिटांची. अब्जावधींच्या दुर्बिणीचा तेवढा वेळ वाया जातो. त्यात काही ग्रहांची वर्षेच बदलत आहेत: वास्प-१२बीचे वर्ष दरसाल सुमारे २९ मिलिसेकंदांनी आखूड होते आहे, आणि काही दशलक्ष वर्षांत तो ताऱ्यात कोसळणार.

गणित आकाशाशी ताडून पाहण्याची सवय मराठी मुलखाला नवी नाही. केरूनाना छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकात ग्रहगणिताची कोष्टके मराठीत आणली, आणि पंचांगातले ग्रहण प्रत्यक्ष आकाशात त्या वेळी दिसते का, यावर पुढे टिळक आणि वेंकटेश बापूजी केतकर यांच्यापर्यंत मोठी चर्चा झाली. तप्त गुरूंच्या वेळापत्रकाला आज तशीच दृक्प्रत्ययाची गरज आहे, आणि ते काम मोठ्या वेधशाळांना परवडत नाही. एरियलच्या तयारीसाठी चालणारा एक्झोक्लॉक प्रकल्प आणि नासाचा एक्झोप्लॅनेट वॉच हे दोन्ही त्यासाठी हौशी निरीक्षकांच्या नोंदी स्वीकारतात. टेस आणि केपलरच्या नोंदीही कोणालाही फुकट उतरवून घेता येतात.

म्हणून बुलढाणा, मलकापूर, चिखली, खामगाव इथल्या महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांना आणि जिल्ह्यातल्या आकाशप्रेमी मंडळींना ही विनंती. १९९९ मध्ये दहा सेंटिमीटरच्या दुर्बिणीला जे जमले, ते आज वीस सेंटिमीटरची दुर्बीण, थंड केलेला कॅमेरा आणि घड्याळ इंटरनेटवरून मिळवलेला संगणक यांना नक्की जमते. ऑक्टोबर ते डिसेंबर हे तीन महिने हातात ठेवा, चंद्र नसलेल्या रात्री निवडा, आणि सुरुवात एचडी १८९७३३ पासून करा. अडीच टक्क्यांची घट असल्याने ती पहिल्याच प्रयत्नात दिसण्याची शक्यता चांगली. अधिक्रमण पावणेदोन तासांचे आहे, पण नोंद किमान साडेतीन-चार तासांची घ्या, कारण आधीचा आणि नंतरचा सपाट भाग हातात नसेल तर घट किती झाली हे सांगता येत नाही.